अल्पसुखाचा विवेक

सुखाचा विचार निघाला की घर, धन, पद, कीर्ती ही त्याची मोठी रूपेच प्रथम पुढे येतात. परंतु मनुष्याचा दिवस ज्या सुखांच्या आधाराने पार पडतो, ती याहून पुष्कळ लहान असतात. विवेकी पुरुषाने ती विषयसुख म्हणून टाकावीत, की कृतज्ञतेने स्वीकारावीत, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पिंपरी-चिंचवडचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखान्यांची दाटी झाली आणि कालांतराने हा पट्टा चाकणपर्यंत पोहोचला. ज्या भूमीत दिवस सूर्याने मोजला जाई, तेथे तो आता पाळीने मोजला जातो.

रात्रपाळी संपवून बाहेर पडलेला कामगार टपरीपाशी थांबतो. चहाचा पहिला घोट, लोणावळ्याच्या लोकलमध्ये खिडकीपाशी मिळालेली जागा, घरी पोहोचताच अंगावर घेतलेला ऊन पाण्याचा पहिला तांब्या, यांस द्रव्य फारसे लागत नाही. तरी जीव क्षणभर हलका होतो.

यावर विरक्त म्हणेल की, इंद्रियांचे सुख लहान असो वा मोठे, ते बंधनच होय. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. बंधन वस्तूत नसून वस्तूविषयीच्या आग्रहात असते. खिडकीची जागा मिळाली तेव्हा वारा सुखकर वाटला, येथवर दोष नाही. ती न मिळाल्याने जो शेजाऱ्यावर डाफरतो, तो बांधला गेला. आणि वृद्ध प्रवासी उभा दिसताच जो ती जागा सहज सोडतो, त्याने सुख भोगूनही त्याचे दास्य पत्करले नाही. जे दुसऱ्यास देता येते, ते सुख निर्दोष जाणावे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. अल्पसुखाची स्तुती ज्यांना न्याय्य वेतन द्यावयाचे नाही, त्यांच्या सोयीची ठरते. ठेक्यावरील मजुरास त्याच्या हक्काचे दाम नाकारून, चहाच्या घोटात समाधान मान, असे सांगणे हा उपदेश नव्हे, ती वंचना होय. संतोष हा स्वतः आचरावयाचा गुण आहे. दुसऱ्याचे देणे बुडविण्याचे ते साधन नाही. मजुराचा आनंद खरा असला तरी तो त्याच्या वेतनात जमा धरता येत नाही.

तथापि न्यायाची वाट पाहणाऱ्यानेही आजचा दिवस कोरडा का घालवावा? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणाबरोबरच त्यांचे जेवण, चालणे, विसावा असे साधे प्रसंगही आदराने जपले. नित्याच्या गोष्टींकडे अवधान देणे हे विचाराच्या आड येत नाही, हेच त्यावरून दिसते.

म्हणून अल्पसुख आले असता स्वीकारावे, गेले असता शोक करू नये, शेजारी कोणी असल्यास त्याचा वाटा ठेवावा, आणि त्याच्या नावाखाली कोणाचा हक्क बुडू देऊ नये. एवढे सांभाळले तर टपरीवरचा तो घोट कामगारास बाधक होत नाही; उलट उरलेली वाट चालण्यास बळच देतो.