अदृष्टाची हद्द

पौषातल्या पहाटे यवतमाळहून कळंबमार्गे वर्ध्याकडे निघालेल्या गृहस्थाला, पऱ्हाट्यांवर उतरलेले धुके रस्त्याची कड जेथे गिळून टाकते नेमके तेथे, मोटारीचे दोन्ही फॉग लाइट बंद आढळावेत आणि शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी ‘निघतानाच मांजर आडवे गेले होते’ असा दाखला द्यावा, यात कोणालाही नवल वाटत नाही. कार्यापूर्वी नुसती हजेरी लावणे म्हणजे कारण होणे नव्हे, हे नैयायिकांनी फार पूर्वीच बजावून ठेवले आहे. कुंभाराची माती वाहणारे गाढव घटापूर्वी अंगणात उभे असले तरी ते अन्यथासिद्धच, आणि मांजराची वासलातही त्याच्यासोबतच लागते.

खरे कारण शोधण्याचे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. दोन्ही बल्ब एकाच वेळी जळाले असे मानण्यात कल्पनागौरव आहे. फ्यूज, रिले वा स्विच यांपैकी एखादे सामाईक कारण मानण्यात लाघव आहे. आर्णी मार्गावरील मिस्त्री यातला एकही शब्द न उच्चारता हॉर्नचा त्याच मापाचा रिले काढून येथे बसवतो, आणि दिवे लागतात की नाही यावरून अन्वय-व्यतिरेकाची रुजुवात घालतो. नवा फ्यूज घालताच तोही उडाला, तर फ्यूज हे कारण नसून कार्य आहे, वायर कोठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. सर्वांत फसवे ते मीटरचे प्रत्यक्ष: होल्डरमध्ये मीटर पुरते १२ व्होल्ट दाखवतो, आणि बल्ब तर पेटत नाही! मीटरला वीज लागते नाममात्र. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर मागू लागला की बोल्टखालचा हिरवट गंज चढलेला सांधा हात वर करतो. “करंट येऊन राहिला भाऊ, अर्थिंग धरून नाही राहिली,” एवढाच त्याचा निकाल.

कणादांच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुईचे सरकणे आणि ज्वालेचे ऊर्ध्वगमन ही अदृष्टाने घडणारी कर्मे म्हणून नोंदलेली आहेत. रिलेच्या डबीत विजेने चुंबक झालेले लोखंड पट्टीला ओढते तेव्हा होणारी ‘टक्’ मिस्त्री बोटाच्या टोकाने तपासतो. म्हणजे जे अदृष्टाच्या खाती टाकलेले होते त्यावरच आज त्याची अर्धी चौकशी उभी आहे. यावरून कणादांना हसण्याचे कारण मला दिसत नाही. दृष्ट कारण हाती न लागल्याने त्यांनी ती बाकी प्रामाणिकपणे स्वतंत्र खाती मांडली. मांजराला साक्षीदार म्हणून उभे केले नाही.

उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त अदृष्टाचा कैवार घेतला तो जीवांच्या वाट्याला येणाऱ्या भोगांच्या वैषम्याचा उलगडा करण्यासाठी, आणि हे प्रकरण निराळे आहे. दिवे, ब्रेक, रस्ता सर्व शाबूत असता एखाद्याचा घात झाला, तर ‘हाच का?’ या घरच्यांच्या प्रश्नाला कोणताही मीटर लावता येत नाही, आणि तेथे आचार्यांशी वाद घालणे मला जड जाईल. परंतु पावसाळाभर बंपरखाली चिखल साचू देऊन, गंजलेल्या त्या बोल्टची जबाबदारीही प्रारब्धाच्या नावे लिहू पाहणाऱ्या गृहस्थाचा अर्ज स्वतः उदयनाचार्यांनीच, दृष्ट कारण समोर असता अदृष्टाची कल्पना कशाला, असा शेरा मारून परत केला असता.