नगद नारायणाच्या दारी



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दत्तभक्ताला गाणगापूर, नरसोबाची वाडी, माहूर यांची ओढ लागते. पण आपल्या बीड जिल्ह्यात ज्यांना लांबचा प्रवास झेपत नाही, त्यांनी गाडी काढून एक दिवस नारायणगडाला जरूर जावे. कोणी म्हणेल, ती तर वारकऱ्यांची धाकटी पंढरी, तिथे दत्ताचे काय? तर ऐका. देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तोपासक आणि त्यांचे शिष्य पैठणचे नाथमहाराज विठ्ठलभक्त. गुरूच्या घरी दत्त, शिष्याच्या मुखी विठ्ठल. मध्ये कुठे भिंत दिसते का? नाथांनी भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यातच अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत एक भुंगा आहे. लहान फूल असो की मोठे, तो सगळ्यांतून थोडे थोडे सार घेतो आणि फुलाला इजा करत नाही.

या गडाचे आद्य सत्पुरुष नगद नारायण महाराज. हे नाव ऐकले की आम्हा बँकवाल्यांचे कान टवकारतात, कारण व्यवहारात नगदनारायण म्हणजे पैसा! मी बरीच वर्षे कॅश काउंटरवर काढली. नोट हातात आली की उजेडाला धरून एवढेच बघायचे, खरी की खोटी. ती कोणाच्या खिशातून आली, त्याचे आडनाव काय, हे नोटेवर लिहिलेले नसते. मला वाटते, देवाच्या काउंटरवरही हाच नियम असावा. तिथे भाव तेवढा पारखला जातो.

हे आज मुद्दाम सांगायचे कारण आहे. आपल्या जिल्ह्यात अलीकडे आडनाव बघून रामराम घातला जातो. हा गड आमचा, तो गड तुमचा, अशी भाषा पोरांच्या तोंडी बसली आहे. त्यांना कोणी सांगावे की, सावरगाव घाटला १८९६ साली जन्मलेल्या भगवानबाबांना अनुग्रह मिळाला तो याच नारायणगडावर, माणिकबाबांकडून. पुढे बाबा इथून निघाले, खरवंडीजवळच्या धौम्यगडावर त्यांनी नवे ठाणे उभे केले आणि तोच आजचा भगवानगड. जिल्हा बदलला, डोंगर बदलला, पण नाम तेच राहिले. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होतो का? मग शिष्याच्या गडाला नमस्कार करायचा आणि गुरूच्या गडाकडे पाठ फिरवायची, किंवा त्याच्या उलट, ही कसली गुरुभक्ती?

वाटेने जाताना जरा बाहेर बघा. मार्गशीर्षात कितीतरी घरांना कुलपे असतात, ओट्यावर म्हातारी माणसे आणि नातवंडे तेवढी दिसतात. कर्ती जोडपी ऊसतोडीला गेलेली, कोणी पश्चिम महाराष्ट्रात तर कोणी कर्नाटकात. कारखान्याच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. तिथे थंडी सगळ्यांना सारखीच वाजते, मोळीचे ओझे सगळ्यांच्या डोक्यावर सारखेच. कष्टात जे एक आहेत, त्यांनी देवळाच्या पायरीवर वेगळे व्हावे, हे देवाला तरी कसे पटेल?

म्हणून माझी एक विनंती. गाडीत पाच जण बसतात. घरचे चौघे बसवा आणि पाचवी जागा मोकळी ठेवा. गल्लीत, शेजारच्या शेतात ज्याच्याशी या आडनावापायी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारात जा आणि म्हणा, "भाऊ, गडाला चाललोय, येता का?" तो नाही म्हणाला तर वाईट वाटू देऊ नका, पुढच्या पौर्णिमेला पुन्हा विचारा. आला तर सकाळी नारायणगड करा, दुपारी भगवानगड करा, भाकरी एकाच फडक्यात बांधून न्या. दर्शनाच्या रांगेत त्याला पुढे उभे करा.

नवस ही उधारी झाली. आधी तू दे, मग मी फेडतो. "बघू, वातावरण निवळले की बोलू," हीसुद्धा उधारीच, आणि तिच्यावर व्याज चढते ते आपल्या लेकरांच्या नावावर. नगद नारायणाच्या दारी जायचे तर व्यवहार रोखीचा हवा. जोडायचे असेल ते आज जोडावे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!