पियानोचे बाक

घाट चढून इगतपुरीस पोहोचणाऱ्या प्रवाशाच्या लक्षात राहतो तो गार वारा आणि पावसाळ्यातले धुके. कसाऱ्यापासून गाडीला मागून रेटा देत आलेली इंजिने येथे सुटतात, याची त्याला बहुधा दखलही नसते. थळ घाटातला हा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. ३७ फुटांमागे १ फूट अशी त्याची चढण आहे. पुढचे इंजिन पुरे पडत नाही, म्हणून मागे ‘बँकर’ जोडतात. वेळापत्रकात त्यांचा उल्लेख नसतो. परंतु त्यांच्याविना बहुतेक गाड्या माथ्यावर येत नाहीत.

याच गावातल्या एका लहानशा संगीतवर्गाची देखभाल पाहताना आम्हांस त्या इंजिनांची आठवण झाली, ती पियानोच्या बाकामुळे. पियानो कोणी दिला, हे त्यावरील पितळी पट्टीवर कोरलेले आहे. बाकावर कोणाचेच नाव नाही. पावसाळ्यात ते डुगडुगू लागले, तेव्हा आम्हीच घाईने दोन खिळे ठोकवून घेतले. वरून गादी असल्यामुळे ते कोणाला दिसणार नव्हते. दिवाळीच्या सुमारास, दोघींनी मिळून वाजवण्याचा सराव चालू असताना, एक पाय कलला आणि धाकटी मुलगी खाली पडली. तिला फारसे लागले नाही. परंतु त्यानंतर कित्येक दिवस ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसत असे, आणि तिचा हात खांद्यापासून ताठ राही. शिक्षिका म्हणाल्या, “हिची बोटे नाहीत अडत, हिचा विश्वास अडतो.”

मग एका वृद्ध सुतारास बोलावले. त्यांनी बाक उलटे केले, खिळे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “खिळा सांधा धरत नाही, साहेब; फाडतो.” सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस धो धो पडतो. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. लोखंड मात्र आकसत नाही की फुगत नाही. त्या ओढाताणीत खिळ्याचे भोक रुंदावते आणि आडव्या पट्टीचे कुसू चिरते. जुन्या सरसावर नवा सरस ओतूनही भागत नाही. सांधा उकलावा लागतो, जुना सरस खरवडावा लागतो, झिजलेल्या कुशाला लाकडाची पातळ चकती लावून ते पुन्हा घट्ट बसवावे लागते, आणि मग एक अहोरात्र ते शिकंज्यात धरून ठेवावे लागते.

आम्ही त्यांना बाजारातला पक्का डिंक सुचवला. त्यांनी सरसच वापरला. दमट हवेत सरस सैल पडू शकतो, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी सांध्यात लाकडी खुंटी बसवली. परंतु सरस कोमट पाण्याने सुटतो. “उद्या दुसऱ्या कोणाला हे उघडावे लागेल. त्याला लाकूड फोडायला लागू नये,” असे ते म्हणाले. आपले काम अखेरचे नाही, हे गृहीत धरून काम करणारा मनुष्य आम्ही क्वचितच पाहिला आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या मजुरीत प्लास्टिकचे नवे स्टूल आले असते. वस्तूचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप अगदीच खोटा नाही. वस्तूंच्या मायेत गुंतून माणसे विसरणारेही पुष्कळ आढळतात. पण येथे वस्तू आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. कोपर पट्ट्यांच्या पातळीस यावे, पाय जमिनीस किंवा निदान पाटास टेकावेत, तेव्हा कुठे बोटे मोकळी होतात. कॅनडाचे विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड १९५३ साली वडिलांनी पाय कापून ठेंगणी करून दिलेल्या घडीच्या खुर्चीवरच आयुष्यभर वाजवत राहिले. बैठक झिजून चौकट उरली तरी त्यांनी ती सोडली नाही. लोकांना तो विक्षिपपणा वाटला. आम्हांस त्यात एवढेच दिसते, की वर उमटणारा सूर खालच्या आधाराला जोडलेला असतो.

खरा प्रश्न निराळाच आहे. नवी वस्तू देण्यास आपण सारे तयार असतो, कारण देण्याला समारंभ असतो. जुनी राखण्यास कोणी पुढे येत नाही, कारण राखण्याला साक्षीदार नसतो. आमचे दोन खिळे हे गरिबीचे नव्हते. कोणी पाहणार नाही या भरवशाचे होते. आणि जे न दिसणारे होते, त्याची किंमत एका लहान मुलीने मोजली. सुताराच्या मजुरीत घासाघीस करतानाही आम्ही तोच हिशेब करीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

आता दर वर्षी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर बाके उलटी करून पाहायची, स्क्रू आवळायचे, सांधे तपासायचे, आणि या कामासाठी फीतून थोडी रक्कम बाजूला ठेवायची, असे ठरले आहे. यात मोठेपणा काही नाही. ती मुलगी आता बाकाच्या मध्यभागी बसते, आणि बसताना खाली पाहत नाही.