माळरानाची अहिंसा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यातल्या डोंगरांत देवराया आहेत. देवाच्या भीतीने म्हणा वा भक्तीने, तिथे कुऱ्हाड चालत नाही. पूर्वेकडच्या माळांवरही बिरोबा, म्हसोबा आहेत. पण त्यांचे पावित्र्य ठाण्यापुरतेच, भोवतालच्या गवताला ते लाभलेले नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले, तेही जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे. बाकीचा माळ पडीकच समजला जातो आणि तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. त्या पुण्याविषयीच माझी शंका आहे. जीव न मारणे एवढ्यावर अहिंसा संपते, की त्या जिवाची जगण्याची जागा न मोडणेही तिच्यात येते?

काळविटाचे संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि धावायला मोकळे रान मिळाले पाहिजे. दाट लागवडीत दोन्ही हिरावले जाते. धाविक पक्षी तर घरटेही बांधत नाही; मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची अंडी तो उघड्या जमिनीवर घालतो. रोपांसाठी खड्डे घेणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाहीत. त्याच्या मनात हिंसा नसते, पण पायाखाली ती घडते. हेतू शुद्ध असला म्हणजे कर्म निर्दोष झाले, असे म्हणता येत नाही; ज्याच्यावर दया करायची त्याचे जगणे समजून घेणे हा दयेचाच भाग आहे.

दुष्काळी मुलखात झाडांना विरोध कशासाठी, असे कोणी विचारील. विरोध झाडांना नाही. बांध, गावठाण, रस्त्याची कड इथे ती हवीतच. पण पवन्या, मारवेल, कुसळी यांची मुळेही माती धरून ठेवतात, पाऊस जमिनीत मुरवतात आणि मेंढरांना चारा देतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: काळवीट उभे पीक खातात, मग शेतकऱ्याने सोसायचे किती? एकट्याने मुळीच नाही. प्राणी सगळ्यांचे असतील तर नुकसानही सगळ्यांनी वाटून घ्यावे. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी. दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या भूतदयेला धर्म म्हणता येणार नाही. पण माळ नांगरला, लागवडीखाली गेला, तर कळप शेतातच येणार, हेही तितकेच खरे.

मग माळावरही देव बसवावा का? त्याची गरज नाही. देवस्थान झाले की रस्ता, मंडप आणि जत्रा येते. ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली आणि तिच्या अखेरच्या पसायदानात प्राणिमात्रांसाठी मागणे आहे. ते मागणे मनापासून म्हणणाऱ्या गावाने आपल्या हद्दीतला एक माळ ग्रामसभेत ठरवून गवताला सोडावा. तिथे काहीच न लावणे हे वृक्षारोपणाच्या तोडीचे पुण्य आहे.