सोडत आणि हक्क

केवळ खेळण्यासाठी दूरदेशी जावे काय, असे विचारले तर आमच्यातील पुष्कळ जण हसतील. यात्रेस किंवा विद्येस जाणे समजते. काठीने चेंडू खळग्यात ढकलण्यासाठी समुद्र ओलांडणे ही निव्वळ चैन होय. ती चैन आहे हे आम्ही मान्य करून टाकतो. आमची शंका निराळी आहे. वर्षभर आधी बेत आखला, पैसे साठविले, रजा मिळविली. एवढ्याने त्या दूरच्या भूमीवर आपला काही हक्क उत्पन्न होतो काय?

हा प्रश्न स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे फार स्पष्ट दिसतो. तेथील ‘ओल्ड कोर्स’ ही गोल्फभक्तांची पंढरी. पण ते मैदान कोणा धनिक मंडळाचे नव्हे, गावाचे आहे. समुद्रकाठच्या त्या गवताळ जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टन याने 1552 च्या सनदेत मान्य केला. पुढे 1797 साली कर्जात बुडालेल्या गावाच्या हातून ती जमीन गेली, आणि सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे आली. सशांनी मैदान पोखरले, गोल्फवाले संतापले, तंटे माजले. (सशांवरून झालेले इतके कडवट भांडण इतिहासात विरळाच!) 1821 साली जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेऊन मैदान वाचविले, आणि 1894 च्या कायद्याने ती पुनः गावाकडे आली. आजही, मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडल्यास, रविवारी तेथे खेळ बंद असतो व गावकरी त्या हिरवळीवर कुत्री घेऊन फिरावयास जातात.

अशा ठिकाणी परक्याने खेळावयाचे तर प्रसिद्ध मार्ग सोडतीचा. दोन दिवस आधी नावे द्यावयाची, आणि निकाल येईल तो मुकाट्याने मान्य करावयाचा. मुंबईहून गेलेल्या मनुष्यास हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे. शेजारच्या डंडीचा रहिवासी आज नाव न निघाल्यास पुढच्या आठवड्यात पुनः येईल. याच्या आयुष्यात ही वारी कदाचित एकदाच घडावयाची. चिठ्ठीला दोघे सारखेच. आंधळ्या समतेला न्याय म्हणावे काय?

हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाही. परंतु चिठ्ठीने गरज मोजावयाची नाही, तर ती मोजणार कोण? व्यवहारात हे काम पैशाची थैली करते. अधिकृत प्रवासी कंपन्या निवासासह खेळण्याची निश्चित वेळ भारी किमतीस विकतात. ही विक्री नियमास धरून आहे. तिला चोरी म्हणण्याचा सोवळेपणा आम्ही करणार नाही. तरीही देवळात पैसे भरून निराळ्या रांगेने दर्शन घेणाऱ्यास पाहून जी बोच लागते, ती येथेही लागते. त्याने कोणाचे काही हिरावले असे सिद्ध करता येत नाही. मात्र आपण पाहुणे आहोत ही जाणीव त्याने विकत घेतलेल्या वस्तूबरोबरच गमावली, असे आम्हांस वाटते. सोडतीत नाव निघालेला मनुष्य आभार मानतो. किंमत मोजलेला पावसाबद्दलही तक्रार करतो.

तेव्हा बेत आखू नये, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. बेत अवश्य आखावा. फक्त तो एका सकाळीवर टांगू नये. चार-पाच दिवस मुक्काम ठेवून रोज नाव द्यावे. त्याच गावात ‘न्यू’, ‘जुबिली’ ही इतरही मैदाने आहेत, त्यांवर खेळावे. आणि मुक्कामात एक रविवार अवश्य असू द्यावा. त्या दिवशी सोडत लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि स्विल्कन ओढ्यावरील तो लहानसा दगडी पूल कोणालाही चालून ओलांडता येतो.