आठ बाइट्स

एप्रिल २०२१. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीकडे ग्राहकाची तक्रार आली, की डाउनलोड केलेली लॉग फाइल उघडत नाही. मॅक्स केलरमान या प्रोग्रामरने पाहिलं, तर आतला मजकूर शाबूत होता. चुकली होती ती फक्त शेवटी पडताळणीसाठी ठेवलेली बेरीज. त्याने ती हाताने दुरुस्त केली, तक्रार मिटवली आणि विसरून गेला. कामाच्या ढिगाऱ्यात बसलेला कुणीही हेच करतो.

तक्रारी मात्र येत राहिल्या. बिघडलेल्या फायली एकत्र ठेवल्यावर त्याला दिसलं, की बिघाड प्रत्येकीच्या शेवटच्या आठ बाइट्समध्येच आहे, आणि तिथे बसलेले आठ बाइट्सही तेच ते आहेत. बहुतेक फायली महिनाअखेरच्या. ते बाइट्स झिप फाइलच्या सूचीतले निघाले. कंपनीची एक सेवा महिन्याभराचे लॉग जोडून ग्राहकाला झिप करून देत असे: रोजच्या फायली 'स्प्लाइस' या कॉलने पाइपमध्ये, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या नळीत, सोडायच्या आणि अखेरच्या दिवसाच्या फायलीमागोमाग सूची लिहायची. धागा जुळला खरा, पण त्या सेवेला लॉग फायलींवर लिहायची परवानगीच नव्हती!

आता उरला कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आपल्या चुकीचं खापर कर्नलवर फोडणाऱ्याला लोक हसतात, आणि बहुधा ते बरोबरच असतं. केलरमानने वाद न घालता दोन चिमुकले प्रोग्राम लिहिले. एक फायलीत नुसते 'ए' लिहिणारा. दुसरा ती फाइल स्प्लाइसने पाइपमध्ये सोडून मागून 'बी' लिहिणारा. दुसऱ्याने फायलीत काहीच लिहिलं नव्हतं, तरी 'बी' फायलीत उमटले.

लिनक्स ४.१९ वर हे घडत नव्हतं, ५.१० वर घडत होतं. मधे १,८५,०११ बदल. पण दोषी बदल हुडकणारा 'गिट बायसेक्ट' हा आदेश दर वेळी उरलेला पल्ला निम्मा करतो. १७ पायऱ्यांत तो २०२० मधल्या एका बदलावर येऊन थांबला. पाइपच्या कोडची ती साधी आवराआवर होती. चोर सापडला म्हणून इथेच फाइल बंद करण्याचा मोह कुणालाही झाला असता.

केलरमान आणखी मागे गेला. स्प्लाइस डेटाची नक्कल करत नाही. मेमरीत असलेलं फायलीचं पानच पाइपच्या कप्प्यात अडकवतं. अशा पानाला पुढचा मजकूर जोडायचा नसतो. जोडायचा की नाही, हे २०२० पासून कप्प्यावरच्या एका खुणेवर ठरू लागलं. पण २०१६ साली आलेली दोन फंक्शन्स जुना कप्पा नव्याने वापरताना त्यावरच्या खुणा पुसतच नव्हती. भाडेकरू बदलला तरी दारावर आधीच्याचीच पाटी. त्या काळी कुठल्याच खुणेला फारसं वजन नव्हतं, म्हणून चार वर्षं काही बिघडलं नाही. २०२० च्या बदलाने खुणेला वजन दिलं आणि जुनी चूक जागी झाली.

जी फाइल नुसती वाचता येते, तिच्यात कुणीही लिहू शकेल, एवढं मोठं हे भगदाड होतं. पुढे त्याला 'डर्टी पाइप' हे नाव पडलं. २० फेब्रुवारी २०२२ ला केलरमानने ते कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवलं. २३ तारखेला दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या. दुरुस्ती म्हणजे खुणा शून्य करणारी एक ओळ, दोन्ही जुन्या फंक्शन्समध्ये घातलेली. बायसेक्टने बोट दाखवलेला २०२० चा बदल होता तसाच राहिला.