खानेसुमारी आणि सामर्थ्य

शिवकालापासून पेशवाईपर्यंतच्या मराठी दफ्तरांत कौलनामा नावाचा कागद वारंवार आढळतो. स्वारीने, अवर्षणाने वा रोगराईने एखादा गाव ओस पडला, की सरकार तेथील पाटलास व परागंदा झालेल्या कुणब्यांस अभय देऊन परत बोलावी; आणि पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेकडून पहिल्या वर्षी अगदी अल्प, दुसऱ्या वर्षी किंचित अधिक, अशा चढत्या क्रमाने काही वर्षांनी पूर्ण दस्त घेण्याचा जो ठराव होई, त्यास इस्तावा म्हणत. जमीन मुबलक आणि कसणारे हात तोकडे, अशा त्या काळात माणूस हीच दौलत होती. रयत उठून शेजारच्या मुलुखात गेली, तर ती राज्याची हानी समजली जाई. हाच माणूस पुढे ‘खायला काळ आणि भुईला भार’ कसा ठरला, आणि अलीकडे पुन्हा तोच लाभांश म्हणून कसा मोजला जाऊ लागला, हे ध्यानी घेतल्यावाचून, लोकसंख्येने जगात पहिला आणि दरडोई उत्पन्नाने फार मागे असलेला आपला देश आर्थिक महासत्ता होऊ शकेल काय, या प्रश्नाला हात घालणे व्यर्थ आहे.

माणसाची ही किंमत उतरवणारा सिद्धान्त बाहेरून आला. अन्नाची वाढ माणसांच्या वाढीस कधीच गाठू शकत नाही आणि म्हणून उपासमार व रोग हेच तिचे निसर्गदत्त नियंत्रण होत, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने १७९८ साली प्रतिपादन केले. परंतु आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हाच माल्थस १८०५ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होता, आणि हिंदुस्थानात कलेक्टर वा न्यायाधीश म्हणून येणारे तरुण तेथेच घडत होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये माणसे किड्यामुंगीसारखी मरत असता अनेक अधिकाऱ्यांस तो निसर्गाचा न्याय वाटला, याचे मूळ या शिकवणीतही शोधावे लागते.

आपल्या विचारवंतांनी हा न्याय मान्य केला नाही. दादाभाई नौरोजींनी सरकारी आकड्यांवरूनच हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये भरते असे दाखवून दिले, आणि दारिद्र्याचे कारण माणसांच्या संख्येत नसून देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीत आहे, असे आयुष्यभर सांगितले. १८८० च्या दुष्काळ आयोगासही, बहुसंख्य जनतेस शेतीवाचून दुसरा व्यवसायच उरलेला नाही, हे दारिद्र्याचे एक मूळ असल्याचे नमूद करावे लागले. आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले सिद्धान्त सर्व देशांस व सर्व काळांस लागू पडत नाहीत, हा मुद्दा शास्त्रीय भूमिकेवरून मांडला. वस्तुस्थितीही त्यांच्याच बाजूची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडची लोकसंख्या हिंदुस्थानपेक्षा अधिक वेगाने वाढत होती आणि तरीही इंग्लंड संपन्न होत होते. उलट १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे, आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर उतरली, म्हणून काही देशाचे दैन्य फिटले नाही.

तथापि संख्या दोषी नसेल तर सामर्थ्य कशात आहे, या प्रश्नाचे सर्वांत मूलगामी उत्तर अर्थशास्त्राच्या पंडितांकडून आले नाही. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सरकारास असा रोकडा सवाल केला, की तिजोरीतील महसूल रयतेच्या घामातून येतो, तर तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात ती प्रत्यक्षात आणली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, पण पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. हे पराभूत विधेयक मला आपल्या आर्थिक इतिहासातील एका मोठ्या युद्धातल्या पराजयाइतके गंभीर वाटते.

या विचारास आणखी दोन धागे लवकरच येऊन मिळाले. १९१८ साली डॉ. आंबेडकरांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात असे दाखवून दिले, की शेत लहान की मोठे हे त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यास लाभणाऱ्या श्रमाच्या व भांडवलाच्या प्रमाणावरून ठरते. जमिनीवर रिकामे साचलेले हात उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय शेतीचाही उद्धार होणार नाही. आणि १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून, खटले आणि निंदा सोसून, त्यांनी जो विचार चालवला, त्याच्या केंद्रस्थानी राष्ट्राची शिरगणती नव्हती. आपल्या देहावर स्त्रीचा अधिकार असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. शिक्षण, उद्योग आणि स्त्रीचे स्वातंत्र्य, हे तीन धागे स्वातंत्र्यापूर्वीच आपल्या हाती आले होते.

स्वातंत्र्यानंतर त्यांचा एक गोफ विणला जावयास हवा होता. प्रत्यक्षात ते सुटे राहिले. १९५१ च्या खानेसुमारीत ३६.१ कोटी माणसे मोजली गेली, आणि पुढच्याच वर्षी कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. आरंभी पासष्ट लाख रुपयांची तरतूद असलेला हा कार्यक्रम हेतूने उदात्त होता. परंतु योजनाकारांच्या मनात हळूहळू माणूस हा भाजकातला आकडा होऊन बसला: राष्ट्रीय उत्पन्नास ज्या संख्येने भागावयाचे, ती संख्या जितकी लहान तितका भागाकार मोठा. या हिशोबाची परिणती १९७६ साली झाली. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारे विधेयक आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले, आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळेच ते कायद्यात उतरले नाही. फुल्यांनी शाळेसाठी मागितलेली सक्ती या राज्याने शस्त्रक्रियेसाठी वापरू पाहावी, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्याच्या चारच वर्षे आधी, १९७२ च्या दुष्काळात, मी शाळकरी वयात रस्त्याच्या एका कामावर गेलो होतो. उघड्या माळावर दुतर्फा बायामाणसे खडी फोडीत बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी लुगड्याच्या झोळीत पोर, आणि दुपारी सुकडी आली की तेवढ्यापुरता हातोड्यांचा आवाज थांबे. आठवड्याअखेर ढीग मोजला जाई, किती ब्रास भरले ते मुकादम सांगे आणि कारकून हजेरीपत्रक पुढे करी. एक बाई, तिची फुटलेली बोटे थरथरत होती, शाईच्या डबीत अंगठा बुडवून तो कागदावर टेकवण्यापूर्वी पदराने पुसून घेई, ठसा पुसट उमटे आणि कारकून तिला पुन्हा अंगठा द्यावयास लावी. फुल्यांच्या निवेदनास तेव्हा नव्वद वर्षे झाली होती. महाराष्ट्रात या दुष्काळी कामांवर एका वेळी जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती, आणि त्यांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा जन्मास आला, हे आपल्या राज्याचे मोठे श्रेय आहे. पण हात रिकामे नव्हते, ते दगड फोडीत होते, तरी त्यांतून संपत्ती निर्माण होण्यास काय कमी होते, हे त्या अंगठ्याने मला शिकवले.

पुढील दशकांत पूर्वेकडील देशांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. चीनने १९७८ साली आर्थिक सुधारणांस हात घातला, तेव्हा बहुतेक मुले प्राथमिक शाळेत जात होती, सरासरी आयुर्मान साठीच्या पुढे गेले होते, आणि स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर होत्या. म्हणून कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांत उभे राहू शकणारी माणसे तयार होती. याच राजवटीत १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, आणि पुढे एका अपत्याची सक्ती झाली, हे विसरून चीनचे अनुकरण कोणी सुचवू नये. तेथील जननदर त्या सक्तीपूर्वीच निम्म्यावर आला होता, आणि आता २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटू लागली आहे. आपल्या केरळाने तर कोणतीही सक्ती न करता, मुलींच्या शाळा व दवाखाने यांच्या बळावर, तेच साधले.

आता मूळ प्रश्न. निव्वळ आकारमान पाहिले तर त्याचे उत्तर अवघड नाही. भारताची लोकसंख्या अमेरिकेच्या चौपटीहून थोडी अधिक आहे; तेव्हा आपल्या माणसाची मिळकत अमेरिकन माणसाच्या चतुर्थांश झाली, तरी दोन्ही देशांचे एकूण उत्पन्न बरोबरीस येईल. चीनचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतके असूनही त्याचे एकूण उत्पन्न तिच्या दोनतृतीयांशाच्या आसपास आहे, ते याच गणिताने. आपण आज सुमारे अडीच हजार डॉलरांवर आहोत, आणि चतुर्थांश गाठावयास ती मिळकत सुमारे आठपट व्हावी लागेल. अशक्य काहीच नाही. परंतु संख्येच्या जोरावर मिळालेली महासत्ता कागदावरची असते. ती जहाजे बांधील, उपग्रह सोडील, आणि तरीही तिच्या माळावर कोणी अंगठा देत बसलेले असेल. देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के कामकरी आजही शेतीत आहेत आणि उत्पन्नातला त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. म्हणजे १९१८ चा निबंध अद्याप जुना झालेला नाही.

शिवाय अवधी मोजका आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा जननदर दर स्त्रीमागे २.० अपत्ये आणि महाराष्ट्राचा १.७ आढळला, म्हणजे बायकांनी, कर्व्यांनी सांगितलेल्या मार्गाने, आपला निर्णय केव्हाच घेतला आहे. भार अखंड वाढत राहण्याची भीती आता निराधार आहे. या शतकाच्या मध्यानंतर राबते हात कमी आणि वृद्ध अधिक होत जातील. तोपर्यंतच काय ते करावयाचे आहे.

कौलनामा देणाऱ्या त्या जुन्या सरकारास एक गोष्ट कळली होती: आधी रयतेस द्यावे लागते, घेण्याचा हक्क मागाहून येतो. इस्ताव्याची पहिली वर्षे ही तोट्याची वर्षे असत, आणि म्हणूनच गाव पुन्हा वसे. चांगली शाळा, दवाखाना, कारखान्यातले पक्के काम, मुलीला घराबाहेर निर्भयपणे जाता येईल असा रस्ता, हा आजच्या काळचा इस्तावा आहे. तो देण्यास राज्य कचरले तर एकशेचाळीस कोटींच्या बढाया निष्फळ ठरतील. खानेसुमारीचा तक्ता हाती येईल तेव्हा एकूण शिरांचा रकाना सर्वजण प्रथम वाचतील. मी साक्षरतेचा आणि स्त्रियांच्या कामाचा रकाना आधी वाचीन, कारण त्या माळावरच्या बाईची नात त्यांपैकी कोणत्या घरात मोजली गेली आहे, एवढेच मला पाहावयाचे आहे.